पान नसलेली नोंद

नवा कंप्युटर सोमवारी सकाळी आला आणि अकराच्या आत त्याच्या खोक्यात खारू राहायला गेली.

खारू म्हणजे त्या घरातलं दोन वर्षं नऊ महिन्यांचं माणूस. तिचं एक रीतसर नावही होतं, पण दिवसभर खारीसारखं काहीतरी कुरतडत पळत राहण्यापुढे ते टिकलं नाही. ते आता फक्त लसीच्या कार्डावर होतं. खोक्यात बसून तिने आतला पांढरा थर्माकोल दातांनी बारीक केला, आईने तो तोंडातून काढला, पुन्हा भरला, पुन्हा काढला. तोवर जेवणाची वेळ झाली.

"शनिवारपर्यंत जुना रिकामा करशील ना?" नवऱ्याने निघताना बूट घालत विचारलं होतं. "ऑफिसातल्या सगळ्यांचे जुने डबे एकदमच उचलून नेणार आहेत."

"करते."

"असं आहे तरी काय त्यात?"

"माझं आहे त्यात."

"म्हणजे फोटोच ना," तो म्हणाला, आणि त्यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर. त्याच्या मनात कधीच काही वाईट नसायचं.

ती सूची करायची. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात जी पानं असतात, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे हे सांगणारी, ती कुणीतरी माणसाने मान मोडून केलेली असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नवऱ्यालाही लग्नानंतरच कळलं होतं. आठ वर्षं तिने हे काम केलं. शेवटचं काम सर्वांत मोठं होतं: झाडाझुडपांचा सात खंडांचा कोश. तीन खंडांची सूची झाली होती आणि चौथा टेबलावर उघडा होता, तेव्हा पोट पुढे येऊन कीबोर्डला लागायला लागलं. संपादकबाई फोनवर मायेने म्हणाल्या, "आधी बाळंतपण नीट होऊ दे गं. काम काय पळून जातंय?"

काम दोन महिन्यांत पळून गेलं. दुसऱ्या कुणाला तरी दिलं, असं तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. जाब विचारायला तिने फोन हातात घेतला तेव्हा खारू रडत होती. पुढे वर्षभर ती रडतच होती, आणि जाब तसाच राहिला.

तर सोमवारी दुपारी खारूला निजवून ती टेबलाशी बसली. खिडकीसमोर एका गोदामाचं पत्र्याचं छप्पर होतं. त्यावर पारवे चालले की नखं वाजत. जुना कंप्युटर उजवीकडे, नवा डावीकडे, मधे दुकानदाराने दिलेली वायर. जुना सुरू झाला की त्यातला पंखा दमेकऱ्यासारखा श्वास घ्यायचा आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. नव्याला वास नव्हता आणि आवाजही नव्हता. त्याच्याजवळ कान नेला तरी काही ऐकू येत नव्हतं.

तिने वहीत तीन रकाने आखले. फोल्डरचं नाव, इकडे किती, तिकडे किती. आकडे जुळले की बरोबरची खूण.

या हलवाहलवीवरून सकाळीच एक चकमक उडाली होती. "आधी कॉपी कर," नवरा म्हणाला होता. "तिकडे नीट पोचलं की मग इकडचं उडव."

"मी कटच करणार. सूचीची एक चिठ्ठी दोन डब्यांत राहिली की घोळ होतो. इकडे जे उरलं, ते करायचं राहिलं. माझी पद्धत आहे ती."

"तुझ्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि हे वेगळं."

"माझ्या चिठ्ठ्यांतलं तुला कधीपासून कळायला लागलं?"

"चुकलो, बाई," म्हणत तो हसत गेला होता.

पहिल्या दिवशी तिने घरची कागदपत्रं हलवली. स्क्रीनवर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. पाऊण तासाने ती टोकाला पोचली, नव्या कंप्युटरने 'टिंग' असा बारीक आवाज केला आणि आतल्या खोलीत खारू उठली.

"आई."

"आले गं."

वहीत तिने खूण केली. आकडे जुळले होते.

मंगळवारी कामाचे फोल्डर घेतले. आठ वर्षांची पुस्तकं, छपाईआधीची मुद्रितं, शंकांच्या याद्या. पट्टी मुंगीच्या पावलांनी चालली. दोन वाजले, अडीच, तीन. खारू एरवी चाळीस-पन्नास मिनिटांत डोळे उघडून हजर व्हायची. दुपारची दोन तास झोप ही आईच्या मैत्रिणींच्या मुलांची गोष्ट होती. आज तिच्या वाट्याला तेच आलं होतं. तिने चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायली. असं गेल्या तीन वर्षांत किती वेळा झालं असेल, ते ती बोटांवर मोजू शकली असती. मधे दोनदा आत डोकावून आली. खारू पालथी, एक पाय भिंतीवर टेकवून, मानेपाशी घामाने केस चिकटलेले. तिने वाकून त्या मानेचा वास घेतला. दुधाचा आणि झोपेचा वास. सगळं ठीक होतं.

सव्वातीनला टिंग झालं. "आई," आतून हाक आली.

संध्याकाळी खारू बाबाबरोबर खाली गेली तेव्हा ती वही घेऊन आकडे जुळवायला बसली. 'कोश-सूची' या फोल्डरपुढे 'इकडे' या रकान्यात तिच्याच अक्षरात तीन लिहिलं होतं. खंड एक, दोन, तीन. तिकडे चार फाइली होत्या.

तिने चौथी उघडली. चौथ्या खंडाची सूची होती. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पुरी. दुसऱ्या कुणाची तरी असणार, असं वाटून तिने तोंड कसनुसं केलं आणि वाचायला लागली. दहा मिनिटांनी ती ताठ बसली होती. नोंद शंकास्पद वाटली की तिच्यापुढे दोन टिंबं द्यायची, ही सवय जगात तिच्या एकटीची होती. तिथे दोन टिंबं होती. एकाच झाडाच्या चार नावांपैकी कुठलं मुख्य धरायचं, याचे तिचे आडाखे होते, ते सगळे तिथे होते. फाइलीवरची तारीख अडीच वर्षांपूर्वीची होती. सुरू केल्याची वेळ दुपारी एक, जतन केल्याची तीन.

त्या महिन्यात खारूच्या पोटात दुखायचं. दुपारी एक ते तीन तिला खांद्यावर टाकून या खिडकीपासून त्या दारापर्यंत, त्या दारापासून या खिडकीपर्यंत, हे एवढंच तिने केलं होतं. टेबलावर तेव्हा लंगोटांची चळत असायची. टेबलाशी ती बसलीच नव्हती.

जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "खारू झाल्यावर मी कधी काम केलेलं आठवतंय तुला?"

"तू?" तो म्हणाला. "तुला तेव्हा दात घासायला तरी वेळ मिळत होता का?" मग जरा थांबून, "आणि आता ते सूचीबिची कंप्युटरच करतो ना?"

केलं असेल आपणच, झोपेच्या धुंदीत, तिने स्वतःला सांगितलं. त्या दिवसांतलं काय आठवतंय म्हणा.

बुधवारी 'खारू' फोल्डरची पाळी आली. चौदाशे सहा फोटो, अठ्ठ्याऐंशी व्हिडिओ. जन्मल्यादिवशीच्या मुठीपासून परवाच्या खरचटलेल्या गुडघ्यापर्यंत. सव्वाएकला पट्टी सुरू झाली ती साडेचारला संपली. साडेचारलाच खारू उठली, तीही कशी, तर हाक न मारता. दाराशी येऊन उभी राहिली. गालावर उशीची घडी उमटली होती.

"उठलं का माझं पिल्लू?"

खारूने आधी आईकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा आईकडे. जणू दोन्हींत काहीतरी जुळत नव्हतं.

"तू तिकडे होतीस," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिकडे. टकटक करत."

"मी इथेच होते, राणी. तू झोपली होतीस."

"मी हाक मारली," खारू म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "तू कामात होतीस." मग तिने बिस्कीट मागितलं, खोक्यात शिरून ते खाल्लं, आणि विषय संपला.

आईचा संपला नाही. तिने व्हिडिओ लावला, खारूने पहिलं पाऊल टाकलं त्या दिवसाचा. हा तिने शंभरदा पाहिला असेल. चटई, कोपऱ्यातली बादली, तिचा स्वतःचा आवाज: "ये, ये, ये. ये बघू माझ्याकडे." तो सगळा जसाच्या तसा होता. चटईवर कुणी नव्हतं. तिचा आवाज रिकाम्या चटईला बोलावत होता, हसत होता, "अगं बाई, आली की," म्हणत होता, आणि चटईवर फक्त खिडकीतलं ऊन होतं.

तिने दुसरा लावला. त्यात आवाजही नव्हता. टेबलाशी पाठमोरी बसलेली एक बाई होती. केस मानेवर गुंडाळलेले, डावा खांदा किंचित वर. तो खांदा तिच्या ओळखीचा होता. आठ वर्षांच्या बसण्याने तो तसा झाला होता. बाई टाइप करत होती. पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत तिने मागे वळून पाहिलं नाही.

फोटो सगळे ठीक होते. खारू, खारू, खारू. वहीत आकडे जुळले. एकच जुळला नाही. 'कोश-सूची'त आता सहा फाइली होत्या.

तिने दुकानदाराला फोन लावला. व्हिडिओ हलवताना बिघडू शकतात का, असं विचारलं. "कट केले का?" तो म्हणाला. "मग बिघडतात, ताई. असं कुणी करतं का? मूळ ठेवायचं असतं." बिघडतात म्हणजे काय होतं, हे तिने विचारलं. "म्हणजे उघडत नाहीत," तो म्हणाला. "उघडत नाहीत, दुसरं काय होणार?"

गुरुवारी सकाळी दहाला संपादकबाईंचा फोन आला. तीन वर्षांनी.

"ओळखलंस का? बाळ मोठं झालं असेल. हे बघ, मी सरळच बोलते. त्या माणसाने केलेली सूची भयंकर निघाली. निवडुंगाला कमळात घातलंय. कोश छापखान्यात आहे, फक्त सूची अडली आहे. तुझं जुनं काही शिल्लक आहे का गं?"

"तीन खंड," ती म्हणाली. मग म्हणाली, "सहा."

"सहा झालेत? आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बरं, टोमणा पोचला," बाई म्हणाल्या. "सातवा उद्या संध्याकाळपर्यंत होईल? तुझं नाव पहिल्या पानावर घालते. आत, मागे नाही. पहिल्या पानावर."

आपलं नाव. ते तिने बऱ्याच दिवसांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाईंनी फोनवर ते दोनदा घेतलं. इमारतीत ती खारूची आई होती, सासरी सूनबाई, आणि घरात 'अगं'.

गुरुवारी तिने काहीही हलवलं नाही. कपाटातून, कुणी परत न मागितलेली सातव्या खंडाची मुद्रितं काढली आणि खारू निजल्यावर स्वतः बसली, पहिल्यासारखी, पेन्सिल कानावर ठेवून. खारू चाळीस मिनिटं झोपली. चाळीस मिनिटांत चार पानं झाली. खंड पाचशे ऐंशी पानांचा होता.

"आज लवकर उठलीस," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजातला कडवटपणा ऐकून तिलाच लाज वाटली. तिने खारूला उचलून घट्ट धरलं. खारूने तिच्या कानावरची पेन्सिल काढून कुरतडली.

शुक्रवारी जुन्या कंप्युटरवर एकच फोल्डर उरला होता. 'खारूचं बोलणं'. पहिला शब्द फुटल्यापासून रोज एक, अशी पाचशे बारा छोटी ध्वनिमुद्रणं. "पापा." "नको." "चांदू पडला." ती टेबलाशी उभी राहून त्या नावाकडे बघत राहिली. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध नव्हता. फाइली हलवल्याने मूल झोपत नाही आणि मूल झोपल्याने सूची होत नाही. हे तिने मनात नीट, पूर्ण वाक्यात म्हणून पाहिलं. उद्या सकाळी डबा उचलून नेणार होते, म्हणजे हे हलवायला तर हवंच होतं. आणि कॉपी करून पाहावं, कट नको, असं तिच्या मनात आलंही. पण काल काहीच न हलवता मिळालेलं चाळीस मिनिटांचं आयुष्य तिला आठवलं. खारू एकला झोपली. एक वाजून दहा मिनिटांनी तिने कट केलं.

उरलेला वेळ: सहा मिनिटं, असं स्क्रीनवर आलं.

दोन वाजता सहाच मिनिटं उरली होती. तीन वाजताही. डावीकडे, 'कोश-सूची'त, सातवी फाइल उमटली होती आणि ती मोठी होत होती. आकडा तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. ती तो बघत बसली. खोटं का बोला, तिला आनंद होत होता.

चारला तिने आत जाऊन पाहिलं. खारू उताणी झोपली होती, हात दोन्ही बाजूंना सरळ. खारू कधी उताणी झोपायची नाही.

"खारू. उठ गं."

गाल गरम होते. श्वास चालू होता, संथ, मोठ्या माणसासारखा.

तिने गालावर पाणी लावलं. कुशीत घेऊन उभं केलं. मान खांद्यावर पडली आणि पायांनी जमीन धरलीच नाही. तिने नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. दबक्या आवाजात म्हणाला, "झोपू दे की. एरवी झोपत नाही म्हणून रडतेस."

पावणेपाच.

तिने खारूला मांडीवर घेतलं आणि टेबलाशी बसली. हलवलेल्यांतलं एक ध्वनिमुद्रण लावलं. 'पाणी दे' असं त्याचं नाव होतं.

कीबोर्डचा आवाज आला. भरभर, न अडखळता. बराच वेळ तोच.

मग लांबून, एखाद्या बंद दाराच्या पलीकडून यावं तसं, "आई."

कीबोर्ड थांबला नाही.

"आई."

थांबला नाही.

तिने 'रद्द करा' दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला. थांबवल्यास वाटेत असलेलं परत मिळणार नाही. थांबवायचं?

वाटेत असलेलं.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. मांडीवरचं ओझं वाढल्यासारखं वाटलं. पत्र्यावर पारव्यांची नखं वाजत होती. तिने 'नाही' दाबलं.

पट्टी हलत नव्हती. उरलेला वेळ सहा मिनिटं.

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. तिने सातवी फाइल उघडली. नोंदी भराभर खाली उतरत होत्या, कुणीतरी टाइप करावं तशा, अक्षरामागून अक्षर. ती वर गेली. 'ख'पाशी. 'खजूर' होता, त्याखाली 'गवत'. दोन्हींच्या मधे तिने जागा केली. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात खारूचं डोकं होतं, तिने टाइप केलं.

खारू.

फाइल जतन केली.

खाली उतरणाऱ्या नोंदी थांबल्या.

टिंग.

"आई," मांडीवरून आवाज आला. "पाणी."

ती रडली नाही. पेला आणला, पाजलं, सांडलेलं पुसलं. खारूने पेल्याची कड चावली. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, वरून खाली, एकेक मणका मोजत.

पावणेसहाला फोन वाजला. "झालं का गं?" संपादकबाई. "सहाला छापखान्याचा माणूस उठतो. मी त्याला धरून बसवलाय."

सात फाइली. तिने त्या क्षणी त्या सगळ्या पुसून टाकायला हव्या होत्या, हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण खारू मांडीवर होती, गरम, चुळबुळी, जागी; आणि नाव पहिल्या पानावर यायचं होतं; आणि घडायचं ते घडून गेलं होतं. तिने फाइली जोडल्या. 'खजूर' आणि 'गवत' यांच्या मधली नोंद काढायला तिचं बोट धजावलं नाही. पुढे एखादा पानाचा आकडा तरी घालावा, असं मनात आलं. कुठलं पान? ती विचार करत होती तेवढ्यात खारूने तिची हनुवटी दोन्ही हातांनी पकडून तोंड आपल्याकडे वळवलं.

"माझ्याकडे बघ," खारू म्हणाली.

"बघते," ती म्हणाली, आणि न बघताच 'पाठवा' दाबलं.

त्यानंतरचा अर्धा तास चांगला गेला. तो तिने पुढे फार जपून ठेवला. त्या दोघी खोक्यात बसल्या, म्हणजे खारू आत आणि आईचे पाय आत. खोकं आधी बोट होतं, मग दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं आणि "तुला काही झालं नाही, उगीच आलीस," असं सांगितलं. आई पोट धरून हसली. दिवा लावायला हवा होता, पण कुणी उठलं नाही.

सव्वासहानंतर कधीतरी पुन्हा फोन वाजला. ती उठून टेबलाशी गेली.

"काय काम केलंयस," संपादकबाई म्हणाल्या. "मी इतक्या वर्षांत अशी सूची पाहिली नाही. एक चूक नाही. म्हणजे एकच, पण ती चूकही म्हणता येणार नाही. 'ख'मध्ये एक नोंद होती, पानाचा आकडाच नाही पुढे. मी सगळ्या खंडांच्या फाइलींत शोधलं, तसं झाडच सापडलं नाही. पान नसलेली नोंद आपण ठेवत नाही, तूच मला हे पहिल्या दिवशी ऐकवलं होतंस. काढून टाकली. गेलं छापायला."

"कधी?" तिने विचारलं.

"आत्ताच. का गं?"

तिच्या मागे खोक्यात चाललेली खुडबुड थांबली होती.

ती वळली. खारू खोक्यात उभी होती. जागी होती, नीट होती, हातात थर्माकोलचा तुकडा होता. ती आईकडे बघत होती. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला की बघते तशी, घाबरून नाही, जागा करून देत.

दारात किल्ली फिरली. "बाबा," म्हणत खारू खोक्याबाहेर पडली आणि नवऱ्याच्या पायांना बिलगली. त्याने तिला खांद्यावर घेतलं, दिवा लावला.

"मग? झाली झोप? आज आईला किती छळलंस?"

"आई काम करतेय," खारूने टेबलाकडे बोट दाखवलं. दोन्ही स्क्रीन काळ्या होत्या.

"असं? आणि ही कोण मग?"

खारूने खांद्यावरून वाकून तिच्याकडे लक्षपूर्वक पाहिलं. तिला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"काकू," ती म्हणाली.

नवरा मोठ्यांदा हसला. "रुसवा दिसतोय. काय केलंस गं तू तिला?"

"खारू," तिने हाक मारली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "खारू, इकडे ये. इकडे बघ माझ्याकडे."

खारूने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, काकू," ती समजावत म्हणाली. "आई कामात आहे."

टेबलाशी खुर्ची रिकामी होती. तिने आवाज खाली केला.